रणभूमीचे वाचन : लष्करी इतिहासकार आणि माहितीपटकार रिचर्ड होम्स यांचे जीवन व कार्य

प्रस्तावना

लष्करी इतिहास म्हटला की सनावळ्या, सेनापतींची नावे, सैन्याची संख्या आणि नकाशावर काढलेले बाण एवढेच चित्र सामान्य वाचकाच्या मनात उभे राहते. युद्ध कोण जिंकले, का जिंकले आणि त्याचे राजकीय परिणाम काय झाले या प्रश्नांची उत्तरे इतिहासग्रंथांत मिळतात. परंतु युद्ध प्रत्यक्ष लढणाऱ्या शिपायाने काय पाहिले, त्याच्या पायाखालची जमीन कशी होती, त्याच्या खांद्यावर किती ओझे होते आणि तो भीतीला सामोरा कसा गेला, हे प्रश्न दीर्घकाळ इतिहासलेखनाच्या परिघाबाहेरच राहिले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये ज्या अभ्यासकांनी हे प्रश्न लष्करी इतिहासाच्या केंद्रस्थानी आणले, त्यांत प्रा. रिचर्ड होम्स (१९४६–२०११) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांनी हे काम ग्रंथांद्वारे केले, तसेच दूरचित्रवाणीवरील माहितीपटांद्वारेही केले. (कवी कोलरिज यांचे चरित्रकार रिचर्ड होम्स हे वेगळे गृहस्थ होत. नामसाधर्म्यामुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी हा उल्लेख आवश्यक आहे.)

प्रस्तुत लेखात होम्स यांच्या जीवनाचा व कारकिर्दीचा परिचय करून देऊन त्यांच्या अभ्यासपद्धतीचे स्वरूप आणि तिच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. कागद, जमीन आणि शिपायाचा अनुभव ही तीन साधने एकमेकांच्या कसोटीवर घासून पाहणे हे होम्स यांच्या पद्धतीचे मर्म होय. माहितीपटाने त्यांपैकी जमीन हे साधन लाखो प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आणले. मात्र या पद्धतीत कोणाचा शिपाई बोलतो आणि कोणाचा मुका राहतो, हा प्रश्न महाराष्ट्रातील अभ्यासकाला टाळता येत नाही.

जडणघडण

होम्स यांचा जन्म २९ मार्च १९४६ रोजी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातील ऑल्ड्रिज येथे झाला. केंब्रिजच्या इमॅन्युएल महाविद्यालयात पदवी घेतल्यानंतर त्यांनी अमेरिकेतील नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात आणि पुढे इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात अध्ययन केले. रेडिंग येथे त्यांनी फ्रान्सच्या दुसऱ्या साम्राज्याच्या काळातील सैन्यावर संशोधन करून डॉक्टरेट मिळविली. १८७० मध्ये सेदाँ येथे प्रशियाच्या सैन्यापुढे फ्रेंच सम्राटाला शरणागती पत्करावी लागली. त्या पराभवाआधीच्या चार वर्षांत फ्रेंच सैन्याची अवस्था काय होती, याचा शोध त्यांनी 'द रोड टू सेदाँ' (१९८४) या ग्रंथात घेतला आहे. युद्धाचा निकाल रणांगणावर लागत असला, तरी त्याची कारणे शांततेच्या काळातील भरती, शिक्षण, शिस्त आणि प्रशासन यांत दडलेली असतात, ही त्यांच्या पुढील सर्व लेखनाची भूमिका येथेच आकाराला आलेली दिसते.

१९६९ मध्ये होम्स सँडहर्स्ट येथील शाही लष्करी अकादमीत अध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९८५ पर्यंत तेथे राहिले. भावी अधिकाऱ्यांना युद्धशास्त्र शिकविणाऱ्या या विभागात जॉन कीगन हे त्यांचे सहकारी होते. कीगन यांचा 'द फेस ऑफ बॅटल' हा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लढाईचा विचार सेनापतीच्या तंबूतून न करता शिपायाच्या रांगेतून करण्याची दिशा त्याने दाखवून दिली. होम्स यांचे कार्य याच वाटेवरचे असले, तरी त्यांच्या ठिकाणी एक वेगळी गोष्ट होती. कीगन यांना प्रकृतीच्या कारणामुळे सैनिकी सेवा करता आली नव्हती. होम्स मात्र स्वतः सैनिक होते.

१९६४ मध्ये, विद्यार्थिदशेतच, ते ब्रिटनच्या प्रादेशिक सेनेत साधे शिपाई म्हणून भरती झाले. प्रादेशिक सेना म्हणजे आपला नेहमीचा व्यवसाय सांभाळून ठरावीक दिवस लष्करी सेवा करणाऱ्या नागरिकांचे दल. त्यात ते पुढे अधिकारी झाले. १९८६ ते १९८८ या काळात त्यांनी अध्यापन बाजूला ठेवून वेसेक्स रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे नेतृत्व केले. पुढे ते ब्रिगेडियर पदापर्यंत पोहोचले आणि १९९७ ते २००० या काळात संरक्षण मंत्रालयात राखीव दले व छात्रसेना यांचे संचालक होते. १९९९ ते २००७ या काळात 'प्रिन्सेस ऑफ वेल्स रॉयल रेजिमेंट'चे मानद कर्नलपद त्यांच्याकडे होते. दुसरीकडे त्यांचे अध्यापनही सुरूच होते. १९९५ मध्ये क्रॅनफिल्ड विद्यापीठाने त्यांची लष्करी व सुरक्षा अध्ययन या विषयाच्या प्राध्यापकपदी नियुक्ती केली. सैनिक आणि अध्यापक ही दोन आयुष्ये त्यांनी अशी समांतर जगली. शिपायाच्या सामान्य दिनक्रमाविषयी त्यांच्या लेखनात जी जवळीक जाणवते, तिचे मूळ या अनुभवात आहे.

ग्रंथलेखन : शिपायाचा शोध

होम्स यांच्या आरंभीच्या ग्रंथांत 'द लिटल फील्ड मार्शल' (१९८१) हे सर जॉन फ्रेंच यांचे चरित्र उल्लेखनीय आहे. फ्रेंच हे १९१४ मध्ये फ्रान्समध्ये उतरलेल्या ब्रिटिश सैन्याचे सरसेनापती होते. डिसेंबर १९१५ मध्ये त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पराभूत किंवा अपयशी सेनापतीची थट्टा करणे सोपे असते. होम्स यांनी तसे न करता त्यांच्या स्वभावातील उतावीळपणा आणि शिपायांविषयीची आपुलकी यांचा एकत्रित विचार केला आहे.

१९८५ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीतील निर्णायक वर्ष म्हणता येईल. कीगन यांच्यासह लिहिलेला 'सोल्जर्स' हा ग्रंथ त्या वर्षी बीबीसीवरील तेरा भागांच्या मालिकेच्या जोडीने प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी होम्स यांचा 'फायरिंग लाइन' हा स्वतंत्र ग्रंथही आला. 'फायरिंग लाइन'ची रचना लढायांच्या कालक्रमानुसार नाही, हे त्याचे पहिले वैशिष्ट्य. भरती झालेल्या तरुणाचे शिपायात रूपांतर कसे होते, पहिल्या गोळीबाराच्या वेळी त्याला काय वाटते, भीती कशी पसरते, जखमी आणि कैदी यांच्याशी त्याचे वर्तन कसे असते आणि माणूस अखेर कोणासाठी लढतो, अशा प्रश्नांभोवती ग्रंथाची मांडणी आहे. निरनिराळ्या शतकांतील पत्रे, रोजनिशा, आठवणी आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धातून परतलेल्या सैनिकांचे कथन यांचा त्यासाठी आधार घेतला आहे. देश, राजा किंवा ध्येय यांच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, शेजारी उभ्या असलेल्या सोबत्यांचा विचार शिपायाला जागेवर टिकवून धरतो, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होय.

यानंतरच्या तीन ग्रंथांनी ब्रिटिश शिपायाचा जवळजवळ पावणेदोन शतकांचा सामाजिक इतिहास उभा केला. 'रेडकोट' (२००१) हा घोडा आणि बंदूक यांच्या युगातील लालडगलेवाल्या शिपायाविषयी आहे. 'टॉमी' (२००४) हा पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडीवरच्या शिपायाविषयी, तर 'साहिब' (२००५) हा १७५० ते १९१४ या काळात हिंदुस्थानात सेवा केलेल्या ब्रिटिश शिपायाविषयी आहे. वेतन, अन्न, दारू, धर्म, शिक्षा, विवाह, आजार आणि मृत्यू या सर्व बाबींना या ग्रंथांत लढाईइतकेच स्थान आहे.

'टॉमी'मधील युक्तिवाद विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पहिल्या महायुद्धाची ब्रिटिश समाजाच्या मनातील प्रतिमा इतिहासापेक्षा साहित्याने अधिक घडविली, असे होम्स यांचे प्रतिपादन होते. युद्धकवींच्या कविता आणि युद्ध संपल्यावर दहा-बारा वर्षांनी आलेल्या कादंबऱ्या व आत्मकथने यांतून चिखल, निरर्थकता आणि बेफिकीर सेनापती हे चित्र पक्के झाले. हे चित्र खोटे नव्हते, पण अपुरे होते. १ जुलै १९१६ या सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी ब्रिटिश सैन्यातील ५७,४७० माणसे हताहत झाली आणि त्यांपैकी १९,२४० मृत्यू पावली, हे सत्य कोणालाही नाकारता येत नाही. परंतु तेच सैन्य १९१८ च्या उत्तरार्धात तोफखाना, रणगाडे, विमाने आणि पायदळ यांची सांगड घालून विजयी आगेकूच करू शकले, हेही तितकेच सत्य आहे. नंतर लिहिलेल्या आठवणींपेक्षा त्या-त्या दिवशी लिहिलेली पत्रे आणि रोजनिशा यांना होम्स अधिक महत्त्व देतात, ते यासाठीच. माणसाची आठवण युद्धाच्या अंतिम अर्थानुसार बदलत जाते. त्या दिवशीच्या कागदाला मात्र उद्या काय होणार हे ठाऊक नसते.

माहितीपटांची परंपरा आणि होम्स

ब्रिटिश दूरचित्रवाणीवर युद्धविषयक माहितीपटांची परंपरा होम्स यांच्या पूर्वीच रुजली होती. १९६४ मध्ये बीबीसीने 'द ग्रेट वॉर' ही सव्वीस भागांची मालिका सादर केली. जॉन टेरेन आणि कॉरेली बार्नेट या इतिहासकारांचा तिच्या संहितालेखनात सहभाग होता. १९७३–७४ मध्ये थेम्स टेलिव्हिजनची 'द वर्ल्ड अॅट वॉर' ही मालिका आली. जेरेमी आयझॅक्स तिचे निर्माते होते आणि तिचेही सव्वीस भाग होते. जुनी चित्रफीत, साक्षीदारांच्या मुलाखती आणि पडद्यामागून येणारे निवेदन ही या दोन्ही मालिकांची प्रमुख अंगे होत.

या पद्धतीची ताकद मोठी होती, तशी तिची अडचणही होती. जुनी चित्रफीत उपलब्ध असेल तेवढेच युद्ध पडद्यावर दाखविता येते आणि चित्रफीत नेहमीच विश्वासार्ह असते असेही नाही. १९१६ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'द बॅटल ऑफ द सोम' या प्रसिद्ध चित्रपटातील, शिपाई खंदकातून बाहेर पडतात ते दृश्य प्रत्यक्ष लढाईचे नसून नंतर मुद्दाम घडवून टिपलेले आहे, हे आता सर्वमान्य आहे. शिवाय १४१५ च्या किंवा १८१५ च्या लढाईची चित्रफीत असणेच शक्य नाही.

होम्स यांच्या माहितीपटांनी या अडचणीतून वेगळा मार्ग काढला. त्यांनी जमिनीलाच साक्षीदार केले. १९९६ मध्ये बीबीसीवर 'वॉर वॉक्स' ही सहा भागांची मालिका सुरू झाली. अॅजिनकोर्ट (१४१५), वॉटर्लू (१८१५), मॉन्स (१९१४), सोम (१९१६), अॅरास (१९४०) आणि गुडवुड (१९४४) या उत्तर फ्रान्स व बेल्जियममधील लढायांच्या जागी होम्स स्वतः चालत जात आणि चालता चालता लढाई समजावून सांगत. १९९७ मध्ये तिचा दुसरा भाग आला. त्यात हेस्टिंग्ज, बॉसवर्थ, नेस्बी यांसारख्या ब्रिटनमधील रणभूमींचा समावेश होता. पुढे 'द वेस्टर्न फ्रंट' (१९९९), दुसऱ्या महायुद्धातील रणभूमींवरील 'बॅटलफील्ड्स' (२००१), 'वेलिंग्टन : द आयर्न ड्यूक' (२००२) आणि अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावरील 'रेबेल्स अँड रेडकोट्स' (२००३) या मालिका सादर झाल्या. बहुतेक मालिकांच्या जोडीला त्यांनी त्याच विषयावरील ग्रंथही लिहिला. पडद्यावर वेळेअभावी सुटलेला पुराव्याचा तपशील वाचकाला ग्रंथात मिळावा, असा या जोडीचा उपयोग होता.

या माहितीपटांत भव्य नाट्यप्रवेश किंवा संगणकाने उभी केलेली सैन्ये यांचा भर नव्हता. एक मध्यमवयीन, मिशीवाला, सैनिकी चालीचा अध्यापक शेताच्या बांधावर उभा राहून समोरच्या उतारावर शत्रूची रांग कोठे होती हे दाखवीत असे. हातात त्या काळची बंदूक घेऊन ती भरायला लागणारा वेळ तो प्रेक्षकाला प्रत्यक्ष समजावून देत असे. घोडेस्वारीची त्यांना आवड होती आणि तिचाही त्यांनी अभ्यासासाठी उपयोग केला. १९१४ च्या ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने मॉन्सपासून मार्न नदीपर्यंत माघार घेतली होती. त्या मार्गाने होम्स यांनी घोड्यावरून प्रवास केला आणि त्या अनुभवाच्या आधारे 'रायडिंग द रिट्रीट' (१९९५) हा ग्रंथ लिहिला. थकलेला घोडा दिवसाला किती मजल मारतो, त्याला पाणी कोठे मिळते, दगडी रस्त्यावर त्याचे पाय कसे सोलून निघतात, या गोष्टी दप्तरातील आदेशपत्रांवरून उमगत नाहीत. माघारीचा वेग आणि तिची दमछाक समजण्यासाठी मात्र त्या कळणे आवश्यक असते.

पद्धतीचे स्वरूप : कागद, जमीन आणि अनुभव

होम्स यांची पद्धत तीन साधनांवर उभी आहे. पहिले साधन कागद, म्हणजे आदेश, अहवाल, पत्रे आणि रोजनिशा. दुसरे साधन जमीन, म्हणजे चढ-उतार, नदीचे पात्र, वस्ती, रस्ता आणि नजरेचा पल्ला. तिसरे साधन शिपायाचा अनुभव, म्हणजे त्याचे शरीर, त्याची शस्त्रे, भूक, झोप आणि भीती. यांपैकी कोणतेही एक साधन स्वतंत्रपणे पुरेसे नाही. सेनापतीचा अहवाल लढाई संपल्यावर लिहिलेला असतो आणि त्यात घटनांना नंतर सुचलेला सुसंगतपणा असतो. अहवालात दिसते असे म्हटलेली टेकडी प्रत्यक्ष त्या जागेवरून दिसतच नसेल, तर जमीन कागदाला दुरुस्त करते. उलट, जमिनीवरून सोपी वाटणारी चाल दोन रात्री झोप न मिळालेल्या शिपायाला अशक्य झाली असेल, तर अनुभव जमिनीच्या साक्षीला मर्यादा घालतो.

जमीनही फसवू शकते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. वॉटर्लूच्या रणभूमीवर १८२६ मध्ये पूर्ण झालेल्या सिंहस्तंभाच्या टेकाडासाठी आजूबाजूची प्रचंड माती काढण्यात आली. त्यामुळे वेलिंग्टनच्या सैन्याने ज्या उंचवट्याचा आसरा घेतला होता, त्याचा एक भाग सपाट झाला. आज तेथे उभे राहणाऱ्यास १८१५ ची जमीन जशीच्या तशी दिसत नाही. बॉसवर्थचे उदाहरण याहून बोलके आहे. १४८५ ची ही लढाई अँबियन टेकडीवर झाली असे दीर्घकाळ मानले जात होते. पुरातत्त्वीय सर्वेक्षणात सापडलेल्या तोफगोळ्यांवरून व इतर अवशेषांवरून लढाईची जागा तेथून सुमारे तीन किलोमीटर दूर असल्याचे २००९–१० मध्ये निश्चित झाले. रणभूमीवर चालत जाण्यापूर्वी ती रणभूमी हीच का, हा प्रश्न विचारावा लागतो, हा धडा त्यातून मिळतो.

माहितीपटाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका दोन्ही येथेच आहेत. जमिनीची साक्ष दाखविण्यास कॅमेऱ्याइतके समर्थ साधन दुसरे नाही. उताराआड लपलेली पलटण शत्रूला का दिसली नाही, हे चार पाने लिहून जे साधत नाही, ते कॅमेरा उताराच्या दोन्ही बाजूंनी फिरवून काही क्षणांत साधते. परंतु पडद्यावर शंका दाखविणे कठीण असते. ग्रंथात दोन साधनांतील विरोध तळटीपेत नोंदविता येतो. अर्ध्या तासाच्या भागात निवेदकाला बहुधा एकच कथा सांगावी लागते. समोर खरी जमीन आणि खरा माणूस दिसत असल्यामुळे ती कथा प्रेक्षकाला निर्विवाद वाटते. माहितीपटकार होम्स यांच्या मागे ग्रंथकार होम्स उभे होते, म्हणून हा धोका त्यांच्याबाबतीत कमी झाला. अशा जोडीविना केवळ दृश्यावर उभ्या असलेल्या युद्धविषयक कार्यक्रमांची गणना इतिहासात करावी की मनोरंजनात, हा प्रश्न शिल्लक राहतो.

असईची रणभूमी : पद्धतीचा कस

होम्स यांच्या पद्धतीचा कस महाराष्ट्राच्या भूमीवर लावून पाहणे उद्बोधक ठरेल. त्यांनी ज्याचे चरित्र लिहिले आणि ज्याच्यावर मालिका केली, त्या वेलिंग्टनची, म्हणजे तेव्हाच्या मेजर जनरल आर्थर वेलस्लीची, एक निर्णायक लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे झाली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेशी हा सामना होता. त्याआधी ऑगस्टमध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला होता. असईनंतर नोव्हेंबरमध्ये अडगाव आणि डिसेंबरमध्ये गाविलगड येथे या मोहिमेचा शेवट झाला.

असईची लढाई म्हणजे जमीन वाचण्याचा वस्तुपाठ होय. मराठ्यांची फौज केळना नदीच्या पलीकडे होती. वाटाड्यांनी नदीला जवळपास उतार नाही असे सांगितले. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावे दिसली. दोन गावे इतकी जवळ असताना त्यांच्यामध्ये ये-जा करण्यासाठी उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. त्या उतारावरून सैन्य पलीकडे नेऊन केळना आणि जुई या नद्यांमधील चिंचोळ्या पट्ट्यात तो मराठ्यांच्या बगलेवर आला.

येथपर्यंतची कथा इंग्रजी ग्रंथांत वारंवार सांगितली जाते. परंतु पुढील भाग तितकाच महत्त्वाचा आहे. बगलेवर आलेल्या शत्रूला तोंड देण्यासाठी पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालील शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आपली संपूर्ण आघाडी फिरवून दोन नद्यांमध्ये नव्याने रांग धरली. भर रणात एवढ्या मोठ्या पायदळाने तोंड फिरविणे हे उत्तम शिक्षणाशिवाय शक्य नाही. त्यांच्या तोफांच्या माऱ्याने इंग्रजांची रांग विस्कळीत झाली. असई गावाच्या फार जवळ गेलेल्या ७४ व्या पलटणीची तर जबर हानी झाली. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. इंग्रजांची रांग पुढे निघून गेल्यावर, मेल्यासारखे पडून राहिलेल्या काही गोलंदाजांनी उठून त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागल्या. इंग्रजांकडील ४२८ जण ठार आणि ११३८ जखमी झाले. लढाईत उतरलेल्या सैन्याच्या मानाने हे प्रमाण फार मोठे होते. पुढे युरोपात नेपोलियनला हरविल्यानंतरही वेलिंग्टन असईला आपल्या सर्वोत्तम लढायांत मोजत असे, यावरून समोरच्या सैन्याची योग्यता लक्षात येते.

आता होम्स यांच्या तीन साधनांचा विचार करू. कागद आहे, पण तो बहुतांशी इंग्रजांचा. जमीन आहे आणि ती दोन्ही बाजूंची आहे. अनुभव मात्र जवळजवळ एकाच बाजूचा उपलब्ध आहे. ७४ व्या पलटणीतील स्कॉटिश शिपायाचे दुःख आपल्याला पत्रांतून आणि आठवणींतून कळते. तोफेपाशी मेल्याचे सोंग घेऊन पडलेल्या गोलंदाजाला त्या क्षणी काय वाटले, तो कोणत्या गावचा होता, त्याचा पगार किती महिने थकला होता, हे आपल्याला शत्रूच्या नोंदीतून आडवळणाने शोधावे लागते. 'साहिब' हा ग्रंथ हिंदुस्थानातील ब्रिटिश शिपायाविषयी आहे, असे त्याचे शीर्षकच सांगते. त्यामुळे त्यात हिंदी शिपाई केंद्रस्थानी नाही, हा त्या ग्रंथाचा दोष मानता येणार नाही. परंतु अशा ग्रंथांची आणि माहितीपटांची संख्या वाढत गेली आणि दुसऱ्या बाजूचे लेखन मागे पडले, तर हिंदुस्थानातील युद्धांचा अनुभव म्हणजे साहेबाचाच अनुभव असा समज रूढ होतो. रँडॉल्फ कूपर यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रज–मराठे मोहिमांवरील ग्रंथाने मराठ्यांच्या लष्करी सामर्थ्याचे नव्याने मूल्यमापन करून या समजाला छेद दिला. पण ते काम पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

उत्तरार्ध आणि वारसा

होम्स यांनी आपल्या पद्धतीचा उपयोग समकालीन युद्धासाठीही केला. २००४ मध्ये प्रिन्सेस ऑफ वेल्स रॉयल रेजिमेंटची पहिली पलटण इराकमधील अल-अमारा भागात तैनात होती. तेथील भीषण चकमकींचा वृत्तान्त त्यांनी 'डस्टी वॉरियर्स' (२००६) या ग्रंथात मुख्यतः शिपायांच्याच शब्दांत मांडला. याच पलटणीतील जॉन्सन बेहॅरी या शिपायाला २००५ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला होता. मानद कर्नल या नात्याने होम्स यांचे या पलटणीशी जिव्हाळ्याचे संबंध होते. त्यामुळे ग्रंथाला विश्वासार्ह तपशील लाभला. मात्र आपल्याच माणसांविषयी लिहिताना इतिहासकाराचे अंतर कितपत राखता येते, ही शंकाही त्यामुळे उपस्थित होते.

अल-अमारा हे गाव टायग्रिस नदीकाठी आहे. त्याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कुत येथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांचा वेढा पडला होता आणि त्यात मराठा पलटणींचे जवानही होते. उपासमारीने खंगून अखेर या डिव्हिजनला शरण जावे लागले. त्या जवानांचा 'टॉमी'च्या तोडीचा इतिहास मराठीत लिहिला जाणे ही आजही एक गरज आहे.

होम्स यांनी 'ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू मिलिटरी हिस्टरी' (२००१) या कोशाचे प्रधान संपादन केले आणि 'मार्लबरो' (२००८) हे मोठे चरित्रही लिहिले. ३० एप्रिल २०११ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ब्रिटिश शिपायाचा आरंभापासून आजपर्यंतचा आढावा घेणारा 'सोल्जर्स' हा त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. १९८५ च्या ग्रंथाचेच शीर्षक या अखेरच्या ग्रंथाला लाभले. शिपाई हाच त्यांच्या अभ्यासाचा आरंभ होता आणि शेवटही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, सैनिकी सेवेचा अनुभव आणि दप्तरातील संशोधन यांचा मेळ घालून होम्स यांनी लष्करी इतिहासाला सामान्य शिपायाच्या पातळीवर आणले. दुसरी बाब अशी की, माहितीपट हे इतिहासाच्या सुलभीकरणाचे साधन तर आहेच, पण जमिनीची साक्ष नोंदविण्याचे समर्थ साधनही होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी माहितीपटाच्या मागे ग्रंथाचा आधार आवश्यक असतो. तिसरी बाब महाराष्ट्रातील अभ्यासकांशी संबंधित आहे. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांमुळे मराठी माणसाला गडकिल्ले पायांखाली घालण्याची गोडी लागली. सपाटीवरील रणभूमी मात्र तिच्या वाट्याला फारशा आल्या नाहीत. किल्ल्याला निदान तट आणि दरवाजे असतात. असईची जमीन शेतात विरून गेलेली आहे. नदीचे पात्र, जुने उतार आणि पाणंद रस्ते बदलत चालले आहेत. इतिहास विभागांनी अशा रणभूमींचे सर्वेक्षण, पुण्याच्या पेशवे दफ्तरासारख्या संग्रहांतील मोडी कागदांचे वाचन आणि गावोगावच्या मौखिक परंपरांचे संकलन एकत्रितपणे हाती घेतले, तर होम्स यांनी ब्रिटिश शिपायासाठी जे केले, ते शिंद्यांच्या तोफेपाशी पडलेल्या गोलंदाजासाठीही काही अंशी करता येईल. कागद थोडा असेल, अनुभवाची नोंद त्याहून थोडी असेल. जमीन मात्र अजून तेथे आहे आणि ती वाचण्याचे काम तिच्याजवळ राहणाऱ्यांनीच करावयाचे आहे.